मोटारीचा ब्रेक आणि त्याची तबकडी

मोटारगाडी विकत घ्यावयास निघालेला मनुष्य ती किती वेगानें धांवते हें विचारतो, एका लिटरांत किती किलोमीटर जाते हें विचारतो, आणि तिचा रंग पसंत करतांना तर सर्व कुटुंबाचें मत घेतो. ती थांबते कशानें, हें विचारणारा मनुष्य मला क्वचितच भेटला. मीहि तें कधीं विचारलें नव्हतें. मी फैजपूरचा एक निवृत्त शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, मोटार दुरुस्त करणें हा माझा धंदा नव्हे आणि स्वतःची मोटारहि माझ्या घरीं नाहीं. तथापि एका मे महिन्याच्या दुपारीं कन्नडच्या घाटांत जीं पांच मिनिटें मला काढावीं लागलीं, त्यांनीं मला हा विषय उतारवयांत शिकावयास लावला. आणि तोच आज आपणांपुढें मांडावा असें योजिलें आहे.

माझा भाचा जळगांवास नोकरीस असतो. त्याच्या लहान मोटारींतून आम्ही वेरुळास घृष्णेश्वराचें दर्शन घेऊन परत येत होतों. गाडींत पांच माणसें, शिवाय सामान. कन्नड मागें पडल्यावर रस्ता एकाएकीं चाळीसगांवच्या बाजूस, म्हणजे आमच्या खानदेशाच्या सपाटीकडे, उतरूं लागतो. याला औट्रम घाट असेंहि म्हणतात. भाच्यानें गाडी वरच्या गिअरांतच ठेवली होती आणि पाय ब्रेकवर ठेवला होता. अर्धा घाट उतरलों असूं नसूं, तोंच एक उग्र, करपट वास येऊं लागला. भाचा म्हणाला, "मामा, पुढच्या ट्रकचा वास असेल." पुढच्या वळणावर त्यानें पाय दाबला तो पेडल तळाशीं जाऊन टेकलें आणि गाडी आपल्या वेगानें चाललीच होती. त्यानें पेडल तीन-चार वेळां भराभर दाबलें, गिअर खालीं आणला, हातब्रेक ओढला, आणि गाडी डोंगराच्या अंगाच्या गटारास घांसून एकदांची उभी राहिली. कोणास इजा झाली नाहीं. माझ्या मांडीवर पांच वर्षांची नात झोंपली होती. ती जागीहि झाली नाहीं. मला मात्र त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

या प्रसंगावर भाच्यानें जो इलाज केला तो आजकालच्या तरुणांस साजेसाच होता. पुढच्याच आठवड्यांत एका मोठ्या शहरांतल्या दुकानांतून त्यानें पुढच्या दोन्ही चाकांकरितां भोकें पाडलेल्या, चकचकीत तबकड्या आणून बसविल्या. दुकानदारानें त्यास सांगितलें कीं, शर्यतीच्या गाड्यांस अशाच तबकड्या असतात. भोकांतून वारा खेळतो, आणि तबकडी तापतच नाहीं. किंमत मूळच्या तबकडीच्या तिप्पट होती. तीन पट पैसे दिल्यावर वस्तु तीन पट चांगली असणारच, या समजुतीनें भाचा निश्चिंत झाला.

येथें ही तबकडी म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. यादींत हिला रोटर म्हणतात, आमचे मिस्त्री डिस्क म्हणतात. चाकाबरोबर फिरणारी ही एक बिडाची जाड थाळी असते. तिला दोन्ही बाजूंनीं कवेंत घेऊन बसलेला जो भाग तो कॅलिपर. त्याच्या पोटांत दोन पॅड असतात. आपण पेडल दाबलें म्हणजे नळींतील तेलाचा दाब पॅडांस तबकडीवर आवळतो आणि घर्षणानें चाक मंदावतें. ही युक्ति फार जुनी आहे. इंग्लंडांतील लँचेस्टर यानें १९०२ सालींच तिचें पेटंट घेतलें होतें. परंतु ती नांवारूपास यावयास अर्धें शतक लागलें. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतींत जॅग्वारच्या गाड्या याच ब्रेकांच्या बळावर सरस ठरल्या, आणि १९५५ सालीं सित्रोएन कंपनीनें आपल्या डी. एस. गाडीस पुढच्या चाकांवर तबकड्या देऊन ती गोष्ट सामान्य गिऱ्हाइकाच्या दारांत आणली. आमच्याकडे मात्र त्यानंतरहि पुष्कळ वर्षें ड्रमचेंच राज्य होतें. कुर्ल्याच्या कारखान्यांत होणारी प्रीमियर पद्मिनी ज्यांनीं चालविली असेल त्यांस चारी चाकांवरच्या ड्रमची आठवण असेल. पावसांत पाणी शिरलें कीं ते ब्रेक कांहीं काळ कामच सोडून देत.

आतां थोडें गणित. आपण कंटाळूं नये; सातवीच्या मुलांस मी हें गणित घालीत असें, आणि तीं तें सोडवीत असत.

ब्रेक गाडीचा वेग नाहींसा करतो असें आपण म्हणतों. वस्तुतः जगांत कांहींच नाहींसें होत नाहीं. ब्रेक वेगाची उष्णता करतो, इतकेंच. धांवत्या गाडींतील शक्ति तिच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. माणसांसह १२०० किलो वजनाची गाडी ताशीं ४० किलोमीटर वेगानें जात असली तर तिच्यांत सुमारें ७४ हजार ज्यूल शक्ति असते. वेग ८० झाला तर ती दुप्पट न होतां चौपट, म्हणजे २ लक्ष ९६ हजार ज्यूल होते. ब्रेक दाबतांच गाडीचा भार पुढें झुकतो, म्हणून यांतील सुमारें सत्तर टक्के वांटा पुढच्या दोन तबकड्यांस सोसावा लागतो. दोन्ही मिळून १० किलो वजनाच्या आहेत असें धरा. एक किलो बीड एका अंशानें तापविण्यास सुमारें ४६० ज्यूल लागतात. भागाकार करून पाहिला तर ताशीं ८० वरून एकदां थांबल्यानें तबकड्या जवळजवळ ४५ अंशांनीं तापतात. यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. पुढच्या चौकापर्यंत वारा त्यांस निववून टाकतो.

परंतु घाटाचा हिशेब निराळा आहे. तीच गाडी घाटानें ३०० मीटर खालीं उतरली म्हणजे तिनें सुमारें ३५ लक्ष ज्यूल शक्ति सोडली. ताशीं ८० वरून लागोपाठ बारा वेळां थांबावें, आणि मध्यें विसांवा मुळींच मिळूं नये, असा हा प्रकार आहे. हा सर्व बोजा ब्रेकवरच टाकला आणि वाऱ्यानें कांहींच हातभार लावला नाहीं असें मानलें, तर पुढच्या तबकड्या ५०० अंशांहूनहि अधिक तापतील. प्रत्यक्षांत वारा पुष्कळ उष्णता नेतो, आणि गाडी खालच्या गिअरांत असेल तर इंजिन ब्रेकचें निम्मेंअधिक काम स्वतःकडे घेतें. पण आमच्या खानदेशांत मे महिन्यांत वाराच ४४-४५ अंशांचा असतो, आणि भाच्यानें इंजिनाची मदत घेतलीच नव्हती.

मग पेडल तळाशीं कां गेलें? तबकडी तापल्यामुळें नव्हे. तबकडीची उष्णता पॅडांतून कॅलिपरांत आणि तेथून नळींतल्या तेलांत गेली, आणि तेल उकळलें. हें तेल हवेंतला ओलावा हळूहळू शोषून घेतें. डॉट ३ जातीचें तेल नवें असतांना २०५ अंशांच्या आंत उकळतां कामा नये असा दंडक आहे. ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आंकडे २३० आणि १५५ असे आहेत. तेल दाबलें जात नाहीं, म्हणून तें पायाचा जोर चाकापर्यंत पोंचवितें. तेलाची वाफ मात्र दाबली जाते, आणि पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यांतच खर्च होतो. भाच्याच्या गाडींतील तेल गाडी घेतल्यापासून, म्हणजे चार वर्षांत, एकदांहि बदललेलें नव्हतें. दर दोन वर्षांनीं तें बदलावयाचें असतें, आणि त्यास येणारा खर्च त्या चकचकीत तबकड्यांच्या मानानें किरकोळ आहे. एकूण काय, अपराध तेलाचा आणि गिअरचा होता, आणि शिक्षा झाली ती बिचाऱ्या मूळच्या तबकड्यांस!

नव्या तबकड्यांचा थाटमाट आठ महिने टिकला. नंतर ब्रेक दाबला कीं सुकाणूचें चाक हातांत थरथरूं लागलें. दिवाळीस भाचा फैजपुरास आला तेव्हां मीं गाडी आमच्या गांवच्या मिस्त्रीकडे नेण्यास लावली. केळीच्या ट्रकांचीं चाकें उघडण्यांत याचें अर्धें आयुष्य गेलेलें आहे. त्यानें चाक काढलें, तबकडी फडक्यानें पुसली, आणि कांहीं न बोलतां बोट ठेवून दाखविलें. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत केसाएवढ्या बारीक चिरा गेल्या होत्या. एक चीर तर कडेपर्यंत पोंचली होती.

भाचा म्हणाला, "मामा, मोटारसायकलच्या डिस्कलाहि भोकें असतातच ना? ती कुठें फुटते?" प्रश्न चांगला होता, आणि विद्यार्थ्यानें चांगला प्रश्न विचारला म्हणजे मास्तरास होणारा आनंद मला त्याहि स्थितींत झाला. मोटारसायकलची तबकडी पोलादाची असते, बिडाची नव्हे. पोलाद ताण सोसतें, बीड ठिसूळ असतें. ती उघड्या वाऱ्यांत फिरते, आणि तिला स्वारासह सव्वादोनशें-अडीचशें किलो वजन थांबवावयाचें असतें. मोटारीची तबकडी बिडाची करतात यालाहि कारण आहे. करड्या बिडांत कार्बनच्या पातळ पाकळ्या पसरलेल्या असतात, त्या उष्णता झपाट्यानें वाहून नेतात आणि कंपहि गिळतात. शिवाय बीड स्वस्त असतें आणि त्यावर पॅडाची पकड चांगली बसते. परंतु त्यास भोंक पाडलें कीं भोंकाच्या कडेवर ताण एकवटतो. तबकडी तापतांना फुगते, निवतांना आकसते. दर वेळीं ती कड थोडी थोडी उसवत जाते.

मग भोकें पाडण्याची चाल निघाली कशी? पूर्वींच्या पॅडांतील डिंकासारखीं द्रव्यें अति तापलीं कीं त्यांतून वायु निघे, आणि पॅड व तबकडी यांच्यामध्यें त्याचा पातळ थर बसून पकड सुटे. त्या वायूस वाट मिळावी म्हणून भोकें पाडीत. आतांच्या पॅडांत हा दोष फारच कमी राहिला आहे. पावसांत भोकांमुळें पाणी थोडें लौकर निघून जातें, हेंहि खरें आहे. परंतु भोंक म्हणजे काढून टाकलेलें बीड. आणि आपण आतांच पाहिलें कीं, उष्णता साठवावयाची ती बिडांतच. तबकडी हलकी केली म्हणजे तेवढ्याच कामांत ती अधिक तापते. कांहीं मोठ्या कंपन्या आपल्या वेगवान गाड्यांस भोकांच्या तबकड्या देतात हें मला ठाऊक आहे. पण त्यांचा आकार, भोकांची मांडणी आणि धातु यांचा त्यांनीं पुरा विचार केलेला असतो, आणि तबकडीहि भरपूर मोठी असते. बाजारांतल्या साध्या तबकडीवर कोणी यंत्रानें भोकें पाडून विकावीं, ही गोष्ट निराळी. भोकांऐवजीं चऱ्या पाडलेल्या तबकड्याहि मिळतात. त्यांत चिरांचें भय कमी, पण त्या पॅडास किसणीप्रमाणें खातात आणि आवाज करतात. सिरॅमिकच्या तबकड्यांविषयीं मी बोलत नाहीं. त्यांच्या किमतींत आमच्याकडे एक बरी जुनी गाडी येते.

ज्यास खरोखर ब्रेक सुधारावयाचे आहेत त्यानें काय पहावें? पहिली गोष्ट अशी कीं, एका दमांत गाडी किती अंतरांत थांबेल हें शेवटीं टायर ठरवितो. कोरड्या चांगल्या रस्त्यावर ताशीं ८० वरून थांबावयास सुमारें ३१-३२ मीटर लागतात. आणि पाय उचलून ब्रेकवर ठेवण्यांत एक सेकंद गेला तर त्यापूर्वींच गाडी २२ मीटर पुढें गेलेली असते. चाक रस्त्यावर घसरूं लागेपर्यंत जोर देण्यास जर आजचाच ब्रेक समर्थ असेल, तर कितीहि मोठी तबकडी घातली तरी त्या एका थांबण्यांत हातभर अंतरहि वांचणार नाहीं. झिजलेले टायर तसेच ठेवून तबकड्यांवर पैसे घालणारे लोक मीं पाहिले आहेत. मोठ्या आणि जड तबकडीचा लाभ आहे तो वारंवार थांबण्यांत, भरल्या गाडीनें घाट उतरण्यांत.

त्या दृष्टीनें पाहिलें तर भरीव तबकडीपेक्षां मध्यें पोकळी असलेली, जिला मिस्त्री व्हेंटिलेटेड म्हणतात ती, खरोखर चांगली. दोन थाळ्या आणि त्यांच्यामध्यें पंखे, अशी तिची रचना असते. फिरतांना ती मधून हवा ओढून कडेनें बाहेर फेंकते. कांहींचे पंखे वांकडे असतात. अशा तबकडीस डावें-उजवें असतें आणि तें उलटें बसवितां कामा नये. व्यास वाढविला तर पॅडास अधिक लांब हात मिळतो. २४० मिलिमीटरची तबकडी काढून २६० ची घातली तर तेवढ्याच पायाच्या जोरांत दहा टक्क्यांच्या आसपास अधिक रोध मिळतो. परंतु मग कॅलिपर चाकाच्या आंत मावला पाहिजे, आणि पुढच्या व मागच्या ब्रेकांचा तोल बिघडतां कामा नये. हा तोल कारखान्यानें गाडीचें वजन पाहून बसविलेला असतो. पुढची बाजू आपण मन मानेल तशी वाढविली कीं मागचीं चाकें आपला वांटा उचलीत नाहींत. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींत मनास येईल तो फेरफार करूं देत नाहीं, हेंहि लक्षांत ठेवावें.

आमच्या मिस्त्रीनें जो मार्ग सुचविला तो मला फार शहाणपणाचा वाटला. एकाच गाडीच्या निरनिराळ्या नमुन्यांपैकीं भारी इंजिनाच्या नमुन्यास पुष्कळदां कंपनीच पोकळ आणि किंचित् मोठ्या तबकड्या देते. भाच्याच्या गाडीचें तसेंच निघालें. त्याच कंपनीच्या भारी नमुन्याच्या तबकड्या, त्यांबरोबरचे कॅलिपर आणि पॅड असा संपूर्ण संच, अधिकृत दुकानांतून यादींतील क्रमांक जुळवून घेतला. नुसती तबकडी घेतली असती तर चाललें नसतें, कारण पोकळ तबकडी जाड असते आणि जुन्या कॅलिपरांत ती शिरत नाहीं. हा सर्व खर्च पहिल्या शौकापेक्षां थोडा कमीच आला.

बसवितांना त्यानें जें केलें तें मी खुर्ची टाकून पहात बसलों होतों. प्रथम ज्या तोंडावर तबकडी बसते तेथील गंज त्यानें तारेच्या ब्रशानें खरवडून काढला. तेथें गंजाचा एक कण राहिला तर तबकडी डुलत फिरते. आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढें डुलणेंहि पुढें पायाखालीं थरथर उत्पन्न करतें. नव्या तबकडीवर गंज चढूं नये म्हणून लावलेलें तेल त्यानें पुसून काढलें. दोन्ही बाजूंच्या तबकड्या जोडीनेंच बदलल्या. चाकाचे नट गोलाकार क्रमानें न आवळतां समोरासमोरचे आवळले, आणि शेवटीं मापाच्या पान्यानें सारख्याच जोरानें कसले. तबकडीच्या अंगावर कमींत कमी जाडीचा आंकडा कोरलेला असतो, तो त्यानें भाच्यास वाचावयास लावला; झिजून तेवढी जाडी झाली कीं तबकडी मोडींत टाकावयाची, मग ती दिसावयास कितीहि गुळगुळीत असो.

"आतां लगेच घाटांत जाऊं नका, दादा," मिस्त्री म्हणाला, "आधीं पॅड बसूं द्या." त्याप्रमाणें सकाळीं लौकर, रस्ता मोकळा असतांना, सावद्याच्या रस्त्यानें आम्ही निघालों. ताशीं ५०-६० चा वेग घ्यावयाचा, बेतानें ब्रेक दाबून तो १० पर्यंत आणावयाचा, पण गाडी पुरती उभी करावयाची नाहीं. असें आठ-दहा वेळां करून मग ब्रेक न लावतां कांहीं अंतर गाडी चालवून तबकड्या निवूं द्यावयाच्या. यामुळें पॅडाचा एक सारखा पातळ थर तबकडीवर चढतो. गरम तबकडीवर पॅड दाबून गाडी उभी करून ठेवली तर तेवढ्याच जागीं थर जाड बसतो, आणि पुढें लोक म्हणतात, तबकडी वांकडी झाली. बहुतेक वेळां ती वांकडी झालेलीच नसते. घाट उतरल्याबरोबर गाडी धुवावयास लावणें, हा आणखी एक वाईट परिपाठ. तापल्या बिडावर गार पाणी पडलें म्हणजे काय होतें, हें आपल्या घरच्या तापल्या काचेच्या भांड्यावरून आपण ताडूं शकाल.

संक्रांतीनंतर आम्ही पुन्हां वेरुळास गेलों. मुद्दामच गेलों. कन्नडच्या घाटाच्या तोंडाशीं भाच्यानें गाडी दुसऱ्या गिअरांत टाकली. केळी घेऊन दूरदूर जाणाऱ्या आमच्याकडच्या एका वृद्ध ट्रकचालकानें त्यास सांगितलें होतें कीं, ज्या गिअरांत घाट चढावा त्याच गिअरांत तो उतरावा. इंजिन गुरगुरत होतें, मागचे लोक भोंगे वाजवीत होते, आणि भाचा वळणाआधीं एकदां नेटानें ब्रेक दाबून पाय सोडून देत होता. सारखा पाय ठेवून बसला नव्हता. खालीं आल्यावर तो गाडी बाजूस घेऊन उतरला, चाकापाशीं ओणवा झाला, आणि वास घेतला. मीहि घेतला. नातीनें विचारलें, "आजोबा, तुम्ही दोघे चाकाचा वास कां घेतां?"

त्या जुन्या चिरा गेलेल्या तबकड्यांपैकीं एक मीं मिस्त्रीकडून मागून घेतली. शाळेंतल्या घंटेची मला सवय. म्हणून ती अंगणांतल्या कडुनिंबास टांगली. परंतु हातोडीनें वाजवून पाहिली तर फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज येतो. नातीस मात्र तो आवडतो, आणि दररोज संध्याकाळीं पांच वाजतां ती शाळा सोडते.